गणपती झाल्यावर बघू

माझा मुलगा एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा तिसरा गोलकीपर होता. हे सांगितलं की रोह्यातली माणसं आधी "अरे वा" म्हणायची आणि मग हळूच विचारायची, "तिसरा म्हंजे?" मी समजावून सांगायचो. मैदानात अकरा जण उतरतात, त्यात गोलकीपर एकच. त्याला काही झालं तर दुसरा बाकावर तयार बसलेला असतो. त्या दुसऱ्यालाही काही झालं तर तिसरा. "म्हंजे दोगांचे पाय मोडले तर तुमचा खेलनार," असं एकदा नाक्यावर एकाने म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसलो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी स्वतः कबड्डीचा माणूस. तरुणपणी चढाईला जायचो, गुडघे अजून त्याची आठवण देतात. उमेदीची सगळी वर्षं धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये गेली. मुलाने आमच्या मातीतला खेळ सोडून फुटबॉल का धरला, आणि धरला तर धरला, पण धावायचं सोडून जाळीसमोर एकटंच उभं राहायचं का ठरवलं, हे मला कधी कळलं नाही. त्याच्या आईला कळलं असावं. ती गेली त्याच वर्षी त्याला क्लबने घेतलं. तो गेला आणि रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरलो.

एकट्या माणसाचा स्वयंपाक ही मोठी विचित्र गोष्ट असते. एक वाटी भात करायचा म्हटलं तरी उरतो, आणि उरलेला भात सकाळी परतून खाताना आपण कुणाचं तरी उष्टं खातोय असं वाटतं. सामना असेल त्या दिवशी मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि समोर ताट घेऊन बसायचो. मला गोलाशी काही देणंघेणं नव्हतं. कॅमेरा कधी बाकामागच्या खुर्च्यांकडे वळतोय एवढंच मी बघायचो, कारण तिसऱ्या गोलकीपरला बाकावरसुद्धा जागा नसते. तो ट्रॅकसूट घालून मागे बसतो. मी त्याला डोक्याच्या मागच्या भागावरून ओळखायचो. कधी दोन सेकंद दिसायचा, कधी पूर्ण सामन्यात नाही. दिसला की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

भिंतीला भिंत लागून एक शेजारीण राहते. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे कुवेतला. तीही एकटीच. मी तिला सामन्याचं सांगितलं की ती म्हणायची, "तुमचा निदान टीव्हीत तरी दिसतो, भाऊ. माज्यांचं तर त्या देशाचं हवामानच बघायचं." आम्ही दोघं आपापल्या पायरीवर बसून असल्या गोष्टी बोलायचो आणि मग आपापल्या घरात जाऊन दिवा लावायचो.

चार वर्षं झाली. तीन गणपती त्याच्याविना गेले. नेमकं तेव्हाच त्यांचं सरावाचं शिबिर असायचं. चौथ्या वर्षी शिबिर लवकर संपलं आणि क्लबने आठवड्याची सुट्टी दिली. त्याचा फोन आला तेव्हा मी काय बोललो ते आठवत नाही. पण फोन ठेवल्यावर मी सगळं घर झाडून काढलं, माळ्यावरची आरास खाली घेतली आणि तिच्यातले मेलेले दिवे एकेक करून बदलले.

आमचा गणपती पेणचाच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी एसटीने पेणला गेलो आणि तो मुंबईकडून येऊन वडखळला उतरून तिथे पोचला. मूर्तिकाराच्या कारखान्याच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं. तो इतका उंच झालेला मी फक्त ऐकून होतो. मूर्तीचा चेहरा झाकून आम्ही ती तीनचाकी टेम्पोत ठेवली आणि तो मागे तिला धरून बसला. वाटेतलं गडब गाव ओलांडतोय तोच पाऊस असा काही आडवा आला की प्लास्टिक उडायला लागलं. या पठ्ठ्याने अंगातला रेनकोट काढून मूर्तीवर घातला आणि स्वतः तसाच भिजत राहिला. घरी येईपर्यंत देव कोरडा होता आणि खिशातला मोबाईल गेलेला होता.

मोबाईल आम्ही तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. चार दिवस तिथे राहिला की पाणी शोषून घेतो म्हणतात. मुलाने माझ्या फोनवरून क्लबच्या ऑफिसला कळवलं, काही निरोप असेल तर या नंबरवर द्या. मला त्याचा भलताच अभिमान वाटला. त्याचे निरोप आता माझ्याकडे येणार होते.

निरोप आला तो चतुर्थीलाच, दुपार कलताना. मुलगा आळीतल्या घरांत आरतीला गेला होता. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. दुसऱ्या एका क्लबचा मॅनेजर. त्यांचे दोन्ही गोलकीपर दुखापतीने बसले होते आणि त्यांना माझा मुलगा या मोसमापुरता हवा होता, बाकावर नाही तर पहिला गोलकीपर म्हणून. तुमच्या क्लबशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही, फक्त मुलाचा होकार पाहिजे. खेळाडूंची देवाणघेवाण करायची मुदत उद्या संध्याकाळी संपते, आणि होकार असेल तर परवा सकाळचं विमान. त्याने मुलाची उंची विचारली, वय विचारलं. मग त्याच्या खेळाबद्दल चार वाक्यं बोलला. ती चार वाक्यं माझी अजून पाठ आहेत. तेव्हा मी नुसती ऐकून घेतली.

मला सगळं नीट ऐकू येत होतं. पण डोक्यात एकच फिरत होतं, परवा सकाळचं विमान. म्हणजे उद्याच निघायला हवं. म्हणजे गौरी नाही, विसर्जन नाही, काही नाही.

आमच्या कोकणात भाद्रपद लागला की सगळी कामं एका वाक्यावर अडतात. छप्पर गळतंय? गणपती झाल्यावर बघू. लग्नाची बोलणी, जमिनीची मोजणी, दात काढायचाय? गणपती झाल्यावर बघू. ऐकणाराही कोकणातला असला की त्याला यात नकार दिसत नाही, तोही मान डोलावतो. तेच वाक्य माझ्या तोंडून हिंदीत बाहेर पडलं. "गणपती के बाद देखेंगे."

"वो कब है?" त्याने विचारलं.

"पाच दिन."

"अंकल, पाच दिन तो नहीं है हमारे पास," तो म्हणाला. मुलाला विचारून उद्या दुपारपर्यंत सांगा, मी पुन्हा फोन करतो, असं म्हणून त्याने ठेवला.

इथवरचं मी कुणालाही सांगू शकतो. सवयीने तोंडातून गेलं, म्हातारा माणूस, हिंदीचे वांधे. मी तसं सांगितलंही आहे पुष्कळ जणांना. पुढचं सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. मी ऋषीच्या भाजीसाठी अळूचे देठ सोलत होतो. तिची सगळी कृती मला येत नाही, पण वासाने जमतं. मुलगा बाहेरच्या खोलीत गणपतीसमोर सतरंजीवर आडवा झाला होता. आदल्या दिवशी भजनात ओरडून ओरडून घसा बसलेला, तोंड उघडं टाकून झोपलेला. शाळेत असताना असाच झोपायचा. फोन देठांच्या शेजारीच होता. तो थरथरायला लागला. तोच नंबर. मुलगा माझ्यापासून दहा पावलांवर होता. मी हात पुसले आणि फोन वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. मी त्याच्यावर ओला फडका टाकला, आवाजाने मुलगा उठू नये म्हणून.

संध्याकाळी मुदत संपली. आम्ही आरतीला उभे होतो. त्याचा बसका आवाज माझ्या कानाशी होता आणि मी सुखात होतो. हे लिहायला लाज वाटते, पण होतो. चार वर्षांत एवढा सुखात नव्हतो.

गौरी गेल्या, गणपती कुंडलिका नदीत गेले. दुसऱ्या दिवशी त्याने तांदळातून मोबाईल काढला आणि तो नेमका चालू झाला. एकामागून एक निरोप पडायला लागले. मी चहा करत होतो. तो स्वयंपाकघराच्या दारात आला. क्लबमधल्या मित्राने लिहिलं होतं, त्या क्लबने दुसरा गोलकीपर घेतला, तुलाही विचारलं होतं म्हणे, तुझ्या वडिलांनी दाद दिली नाही.

"फोन आला व्हता?"

"आला व्हता."

"कदी?"

"चतुर्थीला. मग पंचमीला."

तो मनात काहीतरी जुळवत राहिला. "म्हंजे पंचमीच्या आरतीला तुमी माज्या बाजूला उभे व्हतात, तवा तुमाला म्हाईत व्हतं."

मी हो म्हटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि दुपारच्या गाडीने गेला. मी स्टेशनपर्यंत येतो म्हटलं तर म्हणाला, "कशाला, गुडगे दुखतील तुमचे."

शेजारणीला मात्र मी सगळं सांगितलं, ओल्या फडक्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माज्या पोरांची सुट्टी संपते तवा मी त्यांच्या कंपनीला शिव्या घालते, भाऊ. कुवेतचं इमान पडू दे म्हनायचंच काय ते बाकी ठेवते. पन फोन वाजला की उचलून त्यांच्या हातात देते." एवढं बोलून ती आत गेली. दोनतीन दिवस तिची पायरी रिकामीच होती.

तो मोसम मी त्या दुसऱ्या क्लबचे सामने बघून काढला. कुणी सांगितलं होतं बघायला? पण बघितले. तिथे उभा असलेला पोरगा कुणाचा कोण, त्याने चेंडू अडवला की माझ्या छातीत कळ यायची, आणि सोडला की त्याहून जास्त. मुलाचा फोन आठवड्याला यायचा. औषधं घेतली का, वीज बिल भरलं का. मोसम निम्मा होतो न होतो तोच त्याच्या क्लबने नवा तरुण गोलकीपर आणला आणि याला मोकळं केलं. खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मोसमाच्या मध्ये एक मुदत असते, त्यातही कुणी घेतलं नाही. चार वर्षांत स्पर्धेतला एकही सामना न खेळलेल्या गोलकीपरला कोण घेणार?

मला मुलगा घरी हवा होता. आला. धाटावच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला, माझ्याच ओळखीने. आता मी दोन वाट्या भात लावतो. पण तो असताना घर जास्त रिकामं असतं. पहिली शिफ्ट असली की तो चारला येतो, जेवतो, "बाबा, जेवलात का?" विचारतो, आणि मी मोबाईलवर सामना लावला की चपला घालून पुलाकडे फिरायला जातो. भांडण नाही, तंटा नाही. एका छपराखाली दोन माणसं इतकी एकटी असू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. आधी निदान वाट बघण्याचं काम तरी होतं.

परवा तो पहिली शिफ्ट करून आला तेव्हा सामना लागलेला होता, त्याच दुसऱ्या क्लबचा. मला वाटलं आता जाईल. तो चपला घालून दारात थांबला. पडद्यावर समोरच्या संघाचा एक जण एकटाच चेंडू घेऊन सुटला होता. गोलकीपर धावत पुढे आला, त्याच्या पायांशी झेपावला आणि गोल झाला.

"लवकर पडला," मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबा, त्या मॅनेजरने नेमकं काय इचारलं व्हतं?"

वर्षभरात पहिल्यांदाच विचारत होता. मी सामन्याचा आवाज बंद केला.

"उंची इचारली. वय इचारलं."

"आनी?"

"आनी म्हनाला, आमची तुमच्या क्लबाशी सरावाची मॅच झाली व्हती. पाऊस व्हता. आमचा पोरगा दोनदा एकटाच सुटून आला. कुनीबी गोलकीपर घाईनं खाली पडला असता. तुमचा पडला नाय. उभा रायला. आमच्याच पोराला काय करायचं ते सुचलं नाय." आता थांबणं शक्य नव्हतं. "म्हनाला, यादीत नावं बरीच हायत, पन मला दुसरा कुनी नको. तोच हवाय."

चार वर्षं तो बाकामागे बसून असल्या एका वाक्याची वाट बघत होता. ते वाक्य आलं होतं, आणि वर्षभर मी ते माझ्याजवळ ठेवून घेतलं होतं. फोनपेक्षाही हे मोठं पाप, हे मला ते बोलताना कळलं. मी त्याची माफी मागितली. ती त्याला ऐकू गेली की नाही, कुणास ठाऊक.

तो चपला काढून आत आला आणि कंपनीच्या कपड्यांतच माझ्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे पोटाशी घेऊन.

"परत सांगा," तो म्हणाला.

मी उंचीपासून परत सांगायला सुरुवात केली.