पट्टी भरत आली की सांगा

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचं एकदा जलपूजन झालेलं आहे. नारळ फोडून, हळदकुंकू वाहून, रीतसर. त्याचा फोटो नाही, कारण फोटो काढायच्या मनःस्थितीत मी नव्हतो; पण मॉनिटरच्या कडेच्या फटीत गेलेलं कुंकू तो भंगारात जाईपर्यंत निघालं नाही.

साल दुष्काळाचं होतं. (आमच्याकडे एवढ्यावरून साल ओळखू येत नाही, हे मला मान्य आहे.) जायकवाडीत किती पाणी उरलं ते रोज पेपरात यायचं आणि ते वाचून आमचे वडील, म्हणजे आप्पा, चहा अर्धाच पिऊन ठेवून द्यायचे. शहर मात्र जोरात वाढत होतं. कॉलनीच्या मागे जिथं कालपर्यंत बाभळी होत्या, तिथं उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि नळ यायचे आठवड्यातून एकदा, तेही त्यांच्या मर्जीनं. त्यामुळे घरातली सगळ्यात पूज्य वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा टाकीचा इंडिकेटर. गच्चीवरच्या टाकीत जेवढं पाणी चढेल, तेवढी त्यावर निळ्या दिव्यांची पट्टी वर चढायची. पट्टी काठोकाठ भरली की माझी बायको सुनंदा त्या दिवशी गोडाचं करायची.

इथं आमच्या घराण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, वैजापूर तालुक्यात गेली. तलावाच्या भिंतीवर रंगवलेली मापाची पट्टी वाचायची आणि पाणी कुठवर आलं ते वर कळवायचं, हे त्यांचं काम. मी वाळूजच्या एका कारखान्यात आहे. तिथं मापं दाखवणारी यंत्रं खरोखर बरोबर मापं दाखवतात का, हे तपासण्याचा मला पगार मिळतो. म्हणजे दोन पिढ्या आम्ही पट्ट्या वाचण्यावरच जगलो. हे नीट लक्षात ठेवा.

आता इंटरनेट. आमच्याकडे महिन्याला ठरावीक डेटा मिळायचा. तो संपला की नेट बंद पडायचं नाही, पण धार करंगळीएवढी व्हायची. अशा वेळी व्हिडिओ कॉल लावला, तर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून जागीच थिजायचा. मागच्या महिन्यात तसंच झालं होतं, आणि या महिन्यात तसं होऊन अजिबात चालणार नव्हतं. माझी मुलगी ऋतुजा इंजिनिअर होऊन वर्षभर घरी बसली होती आणि पुण्याच्या एका कंपनीनं रविवारी सकाळी तिची मुलाखत कॉम्प्युटरवरून घ्यायचं ठरवलं होतं. ही नोकरी हुकली, तर मावशीनं आणलेलं नाशिकचं स्थळ बघायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलेलं होतं. पोरगी आठवडाभर जेवताना सुद्धा इंग्रजीत पुटपुटत होती.

मी मनावर घेतलं. डेटा मोजणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घातलं. त्यात नेट वापरलं जाईल तशी एक पट्टी भरत जायची. पूर्ण भरली की महिन्याचा डेटा संपला. पट्टीसाठी हिरवा, करडा, जांभळा असे बरेच रंग होते. त्यातला निळा मी निवडला. डोळ्याला गार वाटतो म्हणून.

मग मी घरात आदेश काढला, की रविवारपर्यंत कुणीही विनाकारण नेट वापरायचं नाही. आणि दिवसभर घरात असणाऱ्या आप्पांवर जबाबदारी टाकली.

"आप्पा, या पट्टीवर नजर ठेवायची. रविवारी आपल्या ऋतूला नेट पुरलं पाहिजे. पट्टी भरत आली की मला सांगा."

आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पट्टी अशी काही न्याहाळली की मला भरून आलं.

"आता कुठं तळाला हाये," ते म्हणाले.

"हो ना. उत्तम आहे."

"उत्तम?" आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, ती मला कर्तव्यदक्षता वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून फोन केला.

"आप्पा, पट्टी काय म्हणते?"

"लई हळू भरती रे."

"मग बरंय."

"बरं कसलं? रविवारपर्यंत भरंल का?"

"छे, छे. नाही भरणार. तुम्ही काळजी करू नका."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आप्पा म्हणाले, "बघतो काय करता येतं ते." मला वाटलं, ते जेवणाचं बोलतायत.

शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन बघतो, तर पट्टी पाऊणच्या वर! ऋतुजाला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, मी फक्त मेल बघितला." सुनंदा म्हणाली, "मला ते चालूच करता येत नाही." आप्पांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते तर पहारेकरी. उलट ते पट्टीकडे बघून समाधानानं हसत होते आणि मला धीर देत होते.

"घाबरू नको. होतंय काम."

घरातलं कुणी नाही, म्हणजे बाहेरचं. आणि बाहेरचं म्हणजे भिंतीपलीकडचे कुलकर्णी. दुष्काळात आमच्या कॉलनीत एक संशय घरोघरी असायचा: नळ आले की शेजारी थेट लाइनला मोटार लावून आपल्या वाट्याचं पाणी ओढतो. कुलकर्ण्यांवर माझा तो संशय जुनाच होता. (त्यांचाही माझ्यावर होता.) जो माणूस पाण्याला मोटार लावतो, तो वायफायला सोडेल का? मी कंपाउंडपाशी गेलो. कुलकर्णी कुंडीतल्या तुळशीला भांडी घासलेलं पाणी घालत होते.

"कुलकर्णी, एक विचारू? तुम्ही आमच्या नेटला मोटार लावलीय का?"

कुलकर्ण्यांनी तांब्या खाली ठेवला. "नेटला? मोटार?"

"तिकडून ओढताय का, असं विचारतोय. पोरीची रविवारी मुलाखत आहे हो."

"अहो, माझं स्वतःचं कनेक्शन आहे. मी तुमचं कशाला ओढू?"

"पाण्याचंही तुम्ही असंच म्हणता."

कुलकर्णी तांब्या उचलून आत गेले आणि दार जरा जोरात लावलं. मी घरी येऊन आमच्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि नवा फक्त आमच्या कॉम्प्युटरवर टाकला. एका शेजाऱ्याचा बंदोबस्त केल्याच्या आनंदात त्या रात्री मला झोप छान लागली.

शनिवारी मला जादा पाळी होती. दुपारी आप्पांचा फोन आला. आवाज गदगदलेला.

"भरली रे! काठोकाठ. वर लाल दिवा बी लागलाय."

मी गाडी काढली ती सरळ घर गाठलं. दारात नारळाच्या पाण्याचा शिडकावा होता. आत मॉनिटरवर हळदकुंकू, की-बोर्डवर अक्षता, आणि बाजूला आप्पा स्वच्छ टोपी घालून खोबऱ्याचे तुकडे करत बसलेले. स्क्रीनवर कुठल्याशा धरणाचे दरवाजे उघडून पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं, म्हणजे कोसळायच्या बेतात असताना थिजलं होतं.

"आप्पा, हे काय?"

"जलपूजन," आप्पा म्हणाले. "तलाव भरला की आमचे सायेब करायचे. पोरीचं काम हाये, कसर नको."

मग सगळा उलगडा झाला. ऋतुजानं मेल उघडला तेव्हा पट्टी जराशी सरकलेली आप्पांनी पाहिली. म्हणजे काहीतरी लावलं की पट्टी भरते, बंद ठेवलं की भरत नाही. पोरगा तर म्हणतो, रविवारपर्यंत नाही भरणार. मग आजोबांनी काय करायचं? त्यांनी नातीसाठी तीन दिवस, तिनंच पूर्वी शिकवलं होतं तसे, तिच्या अभ्यासात अडथळा नको म्हणून आवाज बंद ठेवून, भरलेल्या धरणांचे व्हिडिओ लावले. एकामागून एक. या राज्यातली संपली तेव्हा दुसऱ्या राज्यातली.

"आप्पा, अहो भरली म्हणजे संपलं!"

"भरली म्हंजे संपलं?" आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं. "असं कुठं असतंय का? चाळीस वर्सं पट्ट्या वाचल्या म्या. भरली म्हंजे भरली."

"ही पट्टी उलटी असते."

"मग निळी कामून केली?"

ऋतुजा आतून आली, स्क्रीन बघितला, आजोबांच्या हातातलं खोबरं बघितलं. ती रडेल असं मला वाटलं. ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग खरंच रडली. आप्पांचं तोंड उतरलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला वाटलं, तुला पुरावं पोरी," एवढंच ते म्हणाले. मला स्वतःचा इतका राग आला की मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चावायचंच विसरलो.

मोबाइलचं नेट आमच्या घरात फक्त न्हाणीघराच्या खिडकीत यायचं. तिथं बसून मुलाखत देता येत नाही. सुनंदानं माझ्याकडे बघितलं आणि मानेनं भिंतीकडे खूण केली.

"मी कसा जाऊ? काल काय बोललो मी."

"जसे काल गेला होतात, तसेच जा," सुनंदा म्हणाली.

गेलो. कुलकर्ण्यांनी सगळं ऐकून घेतलं. जलपूजनाच्या जागी त्यांना ठसका लागला, आतून त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. मग म्हणाले, "अहो, पोरगी माझीही आहे. घ्या पासवर्ड. कालच बदललाय." आणि त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मी कागदावर लिहून घेतलं आणि सलग वाचलं: मोटारलावूनका.

कॉम्प्युटर भिंतीकडच्या खोलीत हलवला. कुलकर्ण्यांचं नेट तिथं धो धो येत होतं. रविवारी सकाळी ऋतुजा त्याच्यासमोर बसली. मॉनिटरवरचं कुंकू पुण्याच्या लोकांना दिसणार नव्हतं, याचा तिला आनंद होता. दार लावून घेतलं. बाहेर आम्ही तिघं दाराला कान लावून.

आणि तेवढ्यात नळ आले. वार नाही, वेळ नाही, आले.

"हौद भरतोय. मोटार लावा आणि इंडिकेटर बघा," सुनंदा कुजबुजली आणि बादल्या घेऊन मागे पळाली. मी हौदातून गच्चीवर पाणी चढवणारी मोटार लावली आणि इंडिकेटरपाशी उभा राहिलो. कान मात्र दाराकडे. आतून ऋतुजा ठामपणे काहीतरी सांगत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर निळी पट्टी चढायला लागली. एक दिवा, दोन दिवे. बघता बघता निम्म्यावर आली. पोरीची मुलाखत चालू, आणि पट्टी भरत चाललीय! मी झेप घेऊन मोटार बंद केली, पळत जाऊन हौदाचा व्हॉल्व्हही बंद केला आणि भिंतीला टेकलो. वाचवलं.

सुनंदा भरलेली बादली घेऊन आली. "मोटार का बंद?"

"पट्टी भरत आली होती," मी म्हणालो.

सुनंदा आणि आप्पा दोघंही माझ्याकडे बघत राहिले. आप्पांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणाची रे?"

मी व्हॉल्व्हकडे धावलो. नळ गेलेले होते.

तेवढ्यात दार उघडलं. ऋतुजा बाहेर आली, चेहरा लाल. "घेतलं मला," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय." आणि तिनं आधी आप्पांना मिठी मारली. आप्पांची टोपी पडली, ती कुणी उचलली नाही. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. नाशिकचं स्थळ, मुलाखत, आठवड्याचं पाणी, सगळं एकदम अंगावरून उतरल्यासारखं झालं. पाणी तर खरोखरच उतरलं होतं, पण मला त्याचं काही वाटेना.

कुलकर्ण्यांना बहुतेक भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं भिंतीवरून हिरव्या पाइपचं टोक आलं आणि मागून त्यांचा आवाज.

"माझ्या हौदात भरपूर आहे, सोडतो तुमच्या हौदात, तुम्ही वर चढवा. फक्त पट्टी भरत आली की सांगा."

मी तोंड उघडलं होतं. पण सुनंदा आधीच बोलली, "आप्पा सांगतील, काका. ह्यांना फक्त पाइप धरायला दिलाय."

पाइप मी नीट धरला.