जी.एस.ला आडनाव नसतं

चीफ ऑफिसरनं ताट पुढं ढकललं. वरण मी वाढलं होतं. तो गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघून म्हणाला, "कुक, दुसरं ताट दे. तुझ्या हातानं." मग माझ्याकडं न बघता, "जी.एस., उद्यापासून तू मेसमध्ये नको. संडास बघ."

जी.एस. म्हणजे जनरल स्टुअर्ड. मालवाहू जहाजावर अधिकाऱ्यांना जेवण वाढणारा, त्यांच्या केबिन झाडणारा. जहाजावर माणसाला हुद्द्यानं हाक मारतात. मुरलेला खलाशी ए.बी., नवखा ओ.एस., मी जी.एस. बाहेरच्याला हे कोरडं वाटेल. मला आवडायचं. मुकुंदवाडीत शाळेपासून लोकांनी आधी माझं आडनाव विचारलं होतं. इथं दोन अक्षरांत माणूस संपायचा. त्या अक्षरांना जात नव्हती.

हे आदल्या संध्याकाळपर्यंत. मी चहा घेऊन गेलो, तेव्हा चीफ ऑफिसर खुशीत होता.

"मराठी ना रे तू? कुठला?"

"संभाजीनगरचा, सर."

"अरे, मी पुंडलिकनगरचा. गाववालाच निघालास की. तू कुठं राहतो?"

"मुकुंदवाडी."

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. अर्धा चहा कपात तसाच राहिला.

ताट ढकललं त्यानंतर कुक हळूच म्हणाला, "जाऊ दे रे. कॉन्ट्रॅक्ट संपव, घरी जा." मी संडास धुतले. काम हलकं म्हणून राग नव्हता. ते मी आधीही करत होतो. त्याच हातांनी वाढलेलं तो आडनाव कळेपर्यंत जेवत होता.

त्या आठवड्यात सेफ्टी मीटिंग झाली. शेवटी कॅप्टन विचारतो, कुणाला काही बोलायचंय का. कुणी बोलत नाही. मी उभा राहिलो. मला मेसमधून का काढलं, विचारलं.

"हायजीन," चीफ ऑफिसर म्हणाला.

परदेशी कॅप्टननं पटल्यासारखी मान हलवली. माणूस समुद्रात पडला तर जहाजावर एम.ओ.बी. म्हणून ओरडतात, आणि सगळे धावतात. माझ्या बाबतीत काय ओरडायचं, ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं : माझ्या जातीमुळं याला माझ्या हातचं चालत नाही.

कुक जमिनीकडं बघत होता. कॅप्टन म्हणाला, "जहाजावर राजकारण नको."

पुढच्या बंदरात मला साइन ऑफ केलं. म्हणजे उतरवलं.

जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या एजंटनं समजावलं, "कॉन्ट्रॅक्ट अर्धवट का, असं विचारतील. फॅमिली प्रॉब्लेम म्हण. सगळे तेच म्हणतात. लगेच जहाज मिळेल."

आईचंही तेच. "म्हण की, घरची अडचण व्हती. खोटं कुठं हाय? अडचण तर हायच."

सध्या गोदामात माल चढवतो. मुलाखतीला बोलावलं की मुंबईला जातो. कारण विचारतात. चीफ ऑफिसरला माझी जात कळली आणि माझ्या हातचं चालेना, असं सांगतो. समोरचा पेन खाली ठेवतो. कळवू म्हणतो. कळवत नाहीत.

तो चीफ ऑफिसर आता कॅप्टन झालाय, असं कुकनं फोनवर सांगितलं. मला जहाज बहुतेक मिळणार नाही. पुढची मुलाखत आली तर तिथंही विचारतील. मी घरची अडचण सांगणार नाही.