क्रूस आणि हॅन्डब्रेक

वसईच्या गावांमधून गाडी चालवायला शिकणं कॅथलिक माणसाला जरा अवघडच जातं, कारण जवळजवळ प्रत्येक वळणावर एक क्रूस उभा असतो. तो दिसला की हात आपोआप कपाळ, छाती, खांदे असा फिरून येतो. लहानपणी रिक्षात मम्मीने इतक्या वेळा करायला लावलंय की आता मला विचारायच्या आधीच हात उठतो. कॉलेजसाठी मुंबईला जायला लागल्यावर मी ही खूण हळूहळू लहान करत नेली. ऑफिसात डबा उघडताना तर ती एवढी छोटी होते की शेजारच्या मुलीला वाटतं, मी ओढणीवरचं भाताचं शीत झटकतेय. आमच्या इंग्रजी शाळेच्या भिंतीवर ‘श्रद्धा धीटपणे जगा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. धीटपणा कुठून आणायचा ते लिहिलं नव्हतं.

लायसन्स मात्र हवंच होतं. पप्पांना अंधारात नीट दिसेनासं झालंय आणि चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थनेला, मिस्सेला, जाताना अंधारच असतो. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, आणि हे दोघं फाटकाशी रिक्षाची वाट बघतायत, असं रोजचं चाललं होतं. रिक्षा उशिरा आली की मिस्सा चुकायची आणि मम्मी दिवसभर पप्पांशी तुटक बोलायची.

गाडी शिकवणारे सर आगाशीचे, केळीची वाडी असलेल्या हिंदू घरातले. माझी ती एवढीशी खूण त्यांनी पहिल्याच दिवशी पकडली.

“मॅडम, हात कुठे गेला?”

“क्रूस होता.”

“तो कुठे पळून जात नाही. गाडी जाते.”

मंदिर आलं की ते स्वतः छातीला हात लावायचे, पण स्टिअरिंग त्यांच्या हातात नसायचं, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. “करायचं तर रीतसर करा. आरसा बघा, इंडिकेटर द्या, गाडी कडेला घ्या, थांबा. मग पाहिजे तेवढा मोठा नमस्कार करा.”

मी तसंच करू लागले. मागच्या सीटवर आपली पाळी येण्याची वाट बघत एक बँकेतले काका बसलेले असायचे. एकदा ते म्हणाले, “सर, यांना मंदिरांच्या रस्त्याने न्या की. तिथे तरी थांबणार नाहीत.”

“तिथे मी थांबायला लावतो,” सर म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर गाडीने आठचा आकडा काढणं नीट जमलं. मग रस्त्यावर एक फेरी होती. बाजूला इन्स्पेक्टर साहेब, मांडीवर कागद. वळणावर क्रूस आला. आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला आणि अख्खी खूण केली.

“का थांबलात?”

“नमस्कार केला.”

“बरं. चला.”

एवढंच म्हणाले ते. आणि मी त्या आनंदात हॅन्डब्रेक तसाच ठेवून निघाले. गाडी कण्हायला लागली, जळका वास आला, आणि रस्त्याच्या मधोमध ती दोनदा बंद पडली. मागे बस हॉर्न वाजवत होती. साहेबांनी शांतपणे हॅन्डब्रेक खाली केला आणि म्हणाले, “सराव करून परत या.”

घरी मी फार बोलत नाही. मम्मीने विचारलं तेव्हा म्हटलं, “क्रुसाजवळ थांबले होते. नापास केलं.” आणि आंघोळीला गेले. बाहेर येईपर्यंत मम्मी फोनवर होती.

मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रुसापुढे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. त्या संध्याकाळी गेले तर मला पुढची खुर्ची मिळाली. एरवी मी मागे, जास्वंदीजवळ उभी असते. रोझरी संपल्यावर शेजारच्या काकींनी विनंत्या सुरू केल्या. “श्रद्धेपायी जिला लायसन्स नाकारलं त्या आपल्या लेकीला बळ मिळो. आणि गाडीत देवाचं नाव चालणार नाही म्हणणाऱ्या त्या साहेबाचं मन पालटो.”

“हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” सगळे म्हणाले. मीही म्हणाले, सवयीने.

खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. उकडलेले चणे वाटताना माझ्या हातावर जास्त पडले. पप्पा तर चक्क ताठ बसले होते. मग आमच्या गायकवृंदातला एकजण मोबाइल घेऊन आला. “तू फक्त क्रुसाजवळ उभी राहा आणि काय झालं ते सांग. साहेबाचं नाव माहीत आहे ना? उद्यापर्यंत सगळीकडे जाईल.”

नाव माहीत होतं. शर्टावर लिहिलेलं होतं. त्या माणसाने मला ‘बरं, चला’ एवढंच म्हटलं होतं, आणि उद्या तो माझ्या येशूचा शत्रू म्हणून प्रसिद्ध होणार होता.

“हॅन्डब्रेक होता,” मी म्हणाले.

“काय?” काकी म्हणाल्या. “मोठ्याने बोल गं.”

मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर. “मी हॅन्डब्रेक काढायला विसरले म्हणून नापास झाले. साहेब थांबण्याबद्दल काहीच बोलले नाहीत. चांगले होते ते.”

चणे चावण्याचे आवाज थांबले. पप्पा जमिनीकडे बघू लागले. मोबाइल खिशात गेला.

“म्हणजे छळबिळ काही नाही?” काकींचा आवाज पडला.

“नाही.”

“आणि आम्ही त्याच्यासाठी एवढी प्रार्थना केली.”

“सॉरी, काकी.”

काकींनी जरा विचार केला आणि चण्यांचं पातेलं पुन्हा उचललं. “असू दे. केलेली प्रार्थना काय परत मागायची? लागेल त्याला कुठेतरी. तू आता बस, आणि उद्यापासून त्या ब्रेककडे बघ. परवा पहाटे तुझ्या मम्मीची मिस्सा परत चुकली.”