ओल्या हातांची टाळी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी कळंबला होते. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याभोवती गडबड चाललेली, आणि नेमका तेव्हाच पिशवीतला फोन वाजला. "काकू, माय गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेली?" ...कळलं होतं, तरी विचारलं. जळकोटला पोचेपर्यंत दोन एसट्या बदलल्या. साऱ्या वाटेत मला सकाळचं निघणंच आठवत होतं. अक्का ओसरीवरून म्हणाल्या होत्या, "लवकर ये, भाकर करून ठिवते." आणि मी चपला घालता घालता म्हटलं होतं, "उगी दमू नका." आयुष्य मुलांना सूचना देण्यात गेलं. अक्कांशी शेवटचं बोलले तीही सूचनाच.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दत्ता त्यांचा मुलगा. मी या घरात आले ती नोकरीसकट. सकाळी आठला डबा घेऊन घर सोडायचं, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं हाकायची आणि दिवेलागणीला परत यायचं. माझी मुलगी प्राजक्ता वाढली ती अक्कांच्याच कडेवर. ती त्यांना थोरली माय म्हणते. कधी कधी मला वाटायचं की मला नुसतीच आई म्हणते. तेव्हा राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. अक्का मला मास्तरीणबाई म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती हे मला चौतीस वर्षांत उमगलं नाही. पण काठवटीपुढं त्या बसल्या की मी गप्प बसून बघत राहायची. तळहाताच्या गाद्यांनी ज्वारीचं पीठ रगडून रगडून मऊ करायचं आणि मग एका हातानं भाकरी थापत फिरवायची. अशी की काठ कुठं चिरला म्हणून नाही. गावातल्या नव्या सुना बघायला यायच्या.

मग त्यांना झटका आला. सोलापूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. बोलणं परत आलं, चालणं आलं, उजवा हात मात्र आठ आणेच आला. अंगठा आणि दोन बोटं हलायची, मनगटात ताकद म्हणून नव्हती. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्या काठवटीपुढं बसल्या. पीठ मळलं जाईना. कशीबशी थापलेली भाकरी उचलताना मोडली आणि तव्यावर तिचे तीन तुकडे पडले. मी मागं उभी होते. वर्गात चुकीचं गणित दिसलं की माझा हात आपोआप फळ्याकडं जायचा, तसाच तो पुढं गेला. "राहू द्या अक्का, आता तुमच्यानं व्हायचं नाही," असं म्हणत मी काठवट माझ्याकडं ओढली. मायेनंच ओढली, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! अक्कांनी हात धुतला, उठल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या. त्यानंतर आठ महिने त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. पाणी हवं असलं तरी बाहेरून पाहुण्यासारखं मागायच्या.

प्राजक्ता तेव्हा जपानात, ओसाकाला नोकरीला होती. तिनं फोनवर काय ते ओळखलं आणि हट्टच धरला की दोघींनी यायचं. अक्का म्हणाल्या, "म्या काय करू तिथं? ज्वारी तरी मिळती का त्या गावाला?" पण प्राजक्ताला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नाही. आम्ही गेलो. तिथंही आठवडाभर त्या खिडकीशी बसून खालची माणसं बघत राहिल्या. हात पदराखाली. शेवटी एका सकाळी प्राजक्तानं जाहीर केलं, "आज आपण सुशी शिकायला जायचं. भात वळायला शिकवतात, थोरली माय." अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "भात वळाया बी शिकवावं लागतंय व्हय हितल्या लोकान्ला?"

शिकवणारी बाई सत्तरीची असेल. बोळातलं अरुंद घर, खाली एक लांब टेबल, त्याच्याभोवती आम्ही तिघी आणि कुठल्याशा देशाचं एक तरुण जोडपं. बाई जपानी बोलायची, प्राजक्ता आम्हाला मराठीत सांगायची. लाकडी परातीत वाफेचा भात आला, त्यावर बाईनं सिरका ओतला आणि पंख्यानं वारा घालत तो हलक्या हातानं हलवू लागली. वास आला तशा अक्का माझ्या कानाशी वाकल्या. "आंबला की गं भात! कवाचा हाय ह्यो?" प्राजक्ता हसू दाबत म्हणाली, "ताजाच आहे, तो आंबटच करायचा असतो." अक्कांचं काही समाधान झालं नाही. कच्चा मासा आम्ही खाणार नव्हतो, म्हणून आमच्यापुढं अंड्याच्या गोडसर पोळीचे काप ठेवले होते. बाईनं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि एकदाच टाळी वाजवली. टप्प! जादा पाणी उडून जावं, हात नुसते ओले राहावेत, म्हणून. मग चिमूटभर भात घेतला, वर काप ठेवला, दोन बोटांनी जरासा दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. झालं.

मला वाटलं, यात काय! मी भात घेतला आणि तळहाताच्या गादीनं असा रगडला की जणू ज्वारीचंच पीठ आहे. ज्वारीला स्वतःचा चिकटपणा नसतो, तिला रगडावंच लागतं. आमच्याकडच्या बाईच्या हातात हे लहानपणीच मुरलेलं असतं. बाई माझ्याकडं बघून घाईघाईनं काहीतरी म्हणाली. प्राजक्ता म्हणाली, "आई, जोर नको म्हणतायत." मी जोर कमी केला, असं मला वाटलं. अक्का मात्र समोरच्या भाताला हात लावायला तयार नव्हत्या. पदराखालचा हात बाहेरच येईना. ते जोडपं त्यांच्याकडं बघतंय असं वाटून मला कसंतरी झालं आणि माझा हात पुन्हा पुढं गेला. "द्या, तुमचं मी करते..." असं म्हणत मी त्यांची ताटली ओढणार, तेवढ्यात बाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. रागानं नाही, पण घट्ट. "ज्याचं त्यानं करायचं, म्हणतायत," प्राजक्ता हळूच म्हणाली. माझे कान गरम झाले. साठीच्या मास्तरणीला कुणीतरी वर्गात पहिल्यांदाच टोकलं होतं.

अक्कांनी हात बाहेर काढला. पाण्यात बुडवला. टाळी वाजवली, अर्धीच वाजली. डाव्या तळव्यावर अंड्याचा काप धरला, उजव्या हाताच्या त्या दोन बोटांनी त्यावर भात ठेवला आणि दाबायचा म्हणून दाबला. मग त्याला उलटा करून ताटलीत ठेवला. थोडा वाकडा होता. बाईनं आधी माझा उचलून खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली. मग अक्कांचा उचलला. तो हातात सुटला नाही. तोंडात टाकल्यावर ती भराभरा बोलू लागली. प्राजक्तानं सांगितलं, "उचलताना सुटू नये आणि तोंडात गेल्यावर आपोआप सुटावा, असाच करायचा असतो म्हणे. हातातला जोर काढायला शिकणाऱ्यांना खूप दिवस लागतात. थोरल्या मायच्या हातात तो नाहीच, म्हणतायत."

अक्का म्हणाल्या, "तिला सांग, व्हता. गेला."

प्राजक्ताला ते सांगताना दोनदा थांबावं लागलं. बाईनं ऐकून घेतलं. अक्कांचा उजवा हात उचलून बघितला, परत टेबलावर ठेवला आणि भाताचं भांडं त्यांच्यापुढं सरकवलं. अक्कांनी त्या दिवशी अकरा नग केले. सातव्या-आठव्याला माझ्या ताटलीत डोकावून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पार चिखल केलास की गं भाताचा!" आणि हसल्या. आठ महिन्यांनी हसल्या. मी पण हसले, आणि डोळे पुसायला पदर शोधत होते तर अंगावर तिथला एप्रन.

परतताना गाडीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी काठवट ओढली..." त्या बाहेर बघत राहिल्या. तशाच म्हणाल्या, "व्हय, वढलीस." आणि मग, "आता दी म्हंजे झालं."

जळकोटला आल्यावर मी पहिलं काम तेच केलं. अक्कांनी आपली रीत आपणच बसवली. पिठावर कढत पाणी ओतून उकड काढायची, म्हणजे रगडायला ताकद कमी लागते. भाकरी लहान, तळहाताएवढी, दोन्ही हातांनी हळूहळू थापायची. मळायच्या आधी हात ओले करून एक टाळी. ती टाळी ऐकली की दत्ताची बायको रेखा जिथं असेल तिथून यायची आणि तवा ठेवायची. न बोलता ठरून गेलं होतं. भाकरी जाड व्हायची, काठ चिरलेले असायचे. दत्ता ठेच्याबरोबर खाऊन म्हणायचा, "माय, अजून एक वाढ." मी शेजारी बसायची, हात मांडीखाली घेऊन. नाहीतर ते पुढं जातात, मला माहीत आहे. अशी दोन वर्षं गेली. माझ्या जन्मात मी एवढी दुसरी कुठली शिस्त पाळली नाही.

मी कळंबला गेले त्या दिवशीही अक्कांनी अकराच्या सुमारास भाकरी केल्या होत्या. दोन फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि रेखाला म्हणाल्या, "ह्या मास्तरणीच्या." मग जेवल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच गेल्या. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. घरात मयत झाल्यावर आधीचं शिजलेलं कुणी खात नाही, त्यामुळं त्या भाकरी शेजारच्या म्हातारीनं गाईला घातल्या होत्या. रीत आहे, तिचं काही चुकलं नाही. तरी मला अजून वाटतं, एक तुकडा ठेवायला हवा होता.

तेरावा झाला, पाहुणे गेले, प्राजक्ताही येऊन परत गेली. रेखा परातीत भाकरी करू लागली. काठवट भिंतीशी उभी ती उभीच. तिला हात लावायचं आमच्यातलं कुणी नाव काढत नव्हतं. गेल्या गुरुवारी मीच उठले, ती आडवी केली, पिठाची उकड काढली. हात पाण्यात बुडवले आणि काही मनात नसताना टाळी वाजवली.

"आले अक्का, ठिवते तवा!" परसातून रेखाचा आवाज आला... आणि पुढं काहीच नाही. धुणं वाळत घालण्याचा आवाजही थांबला. थोड्या वेळानं ती आत आली. माझ्याकडं न बघता गॅस पेटवला आणि तवा ठेवला. मी पण वर बघितलं नाही. पीठ मळलं, थापलं, उचललं. भाकरी मधोमध मोडली. जोर जास्त झाला होता. मी पीठ पुन्हा गोळा केलं आणि हात ओले केले.