मलकापुरात समुद्राचं दूध झालं

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, तुम्ही हसणारच! माझी बायको तर अजून भांडी घासता घासता मध्येच खुदकन हसते, आणि काय झालं विचारलं की "काई न्हाई" म्हणते. घ्या, चहा घ्या आणि ऐका. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण हा पहिल्या नंबरचा!

मलकापुरात माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. त्यामुळं पाणी, नळ्या, पंप, खतांचे डोस यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज. समज कसला, माज! त्याच माजात मी घरात समुद्र आणला.

खरंच समुद्र हो! चार फुटांची काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि जिवंत प्रवाळ. वैशालीनं, म्हणजे बायकोनं, पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. "आवं, लोकं गोड पाण्यासाठी बोर मारत्यात आणि तुमी मीठ इकत आणून पाणी खारट करताय?"

आता तिला काय सांगायचं? प्रवाळ दिसायला झाडासारखं, पण तो असतो प्राणी. स्वतःचं हाड स्वतः बांधतो. त्यासाठी पाण्यात कॅल्शियम लागतं आणि अल्कलिनिटी लागते, म्हणजे साध्या भाषेत सोड्याचा अंश. दोन्ही रोज थोडं थोडं संपतं, रोज थोडं थोडं घालायचं. एक जरी कमी पडलं तरी महाराज रुसून बसतात. म्हणून मी रोज सकाळी छोट्या बाटलीत पाणी घेऊन थेंब मोजत बसायचो. निळ्याचं पिवळं व्हायला किती थेंब लागले, त्यावरून डोस ठरवायचा. वैशाली म्हणायची, "पोरीचा ताप कवा एवढ्या काळजीनं मोजला न्हाई!"

तर झालं काय, लेकीचा पहिला वाढदिवस आला. पलूसहून माझे सासरे आदल्या दिवशीच आले. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी अर्धं आयुष्य गुऱ्हाळ चालवलं. माणूस बोलणार कमी, तंबाखू मळणार जास्त. आल्या आल्या त्यांनी टाकीपुढं खुर्ची ओढली, चुन्याची डबी टाकीच्या झाकणावर ठेवली आणि बघत बसले.

"पावणं, ह्ये लय झ्याक हाय बगा. टीव्हीवानी भांडान न्हाई, जाहिरात न्हाई."

मला काय, गुदगुल्याच झाल्या! सासऱ्यानं जावयाचं कौतुक केलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मग मी फोन करकरून सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "जेवायला या, आणि समुद्र बघायला या!"

सकाळी उठून थेंब मोजले. मंडप, केक, आचारी या गडबडीत आठवडाभर मी टाकीत काहीच घातलं नव्हतं. कॅल्शियम खाली, अल्कलिनिटी त्याहून खाली, आणि प्रवाळ अंग चोरून बसलेलं. थोड्या वेळात पन्नास माणसं बघायला येणार, आणि दाखवायचं काय? हे असलं?

मग मी काय केलं? ऊसवाल्यांच्यात वाढलेला माणूस दुसरं काय करणार! पीक पिवळं पडलं की आम्ही वाट बघत नाही, राहिलेला सगळा डोस एकदम देतो. पाण्याचे दोन प्लॅस्टिकचे जग घेतले. एकात आठवड्याचं कॅल्शियम विरघळवलं, दुसऱ्यात आठवड्याचा सोडा.

आता टाकी विकणाऱ्यानं बजावलं होतं, दोन्ही एकदम घालायचं नाही, मध्ये काही तास जाऊ द्यायचे. ते मला आठवत होतं बरं का! शपथ घेऊन सांगतो, आठवत होतं. पण तास कुठले? पाहुणे येऊन ठेपलेले. म्हणून मी डोकं चालवलं. तिथंच चुकलं.

डाव्या कोपऱ्यात कॅल्शियम ओतलं, उजव्या कोपऱ्यात सोडा ओतला. उसात कसं असतं? या सरीतलं पाणी त्या सरीत जात नाही, मध्ये वरंबा असतो. तसंच हे, असा आपला हिशेब. टाकीत वरंबा कुठं होता ते मात्र विचारू नका.

मग मी आंघोळ केली, नवा शर्ट घातला आणि दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभा राहिलो. अर्धा तास झाला असेल नसेल, आतून माझा चुलतभाऊ संभा बोंबलला, "दादा! पळ रं! समुद्राचं दूध झालं!"

पळत गेलो. टाकी पांढरीफट्ट! मासा दिसेना, प्रवाळ दिसेना. वर पांढरं, खाली पांढरं, पाठीमागची भिंत पांढरी. आणि टाकीवर वाकून मामा बघत उभे. झाकणावर चुन्याची डबी उघडी. मामांचा अंगठा पांढरा.

झालं! माझं डोकं सटकलं.

"मामा! चुना पाडलात ना तुम्ही?"

मामांनी डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं.

"आसंल," एवढंच म्हणाले.

आता शहाण्या माणसानं इथं तोंड बंद करावं की नाही? पण नाही! "आसंल काय आसंल? कॅल्शियमचा मेळ किती नाजूक असतो, तुम्हाला काय कळणार त्यातलं! ही काय गुळाची काहील आहे, टाका चुना आणि मारा ढवळणी?"

असं मी बोललो. माझ्या सासऱ्याला. माझ्याच लेकीच्या वाढदिवसाला. पन्नास माणसांत!

मामांनी डबी मिटली, खिशात घातली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, टोपी नीट केली आणि निघाले. मागं चार जण धावले, पण ते थांबले नाहीत. घास न घेता सरळ एसटी धरून पलूसला गेले.

वैशाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. "माझे आप्पा माझ्या दारातनं उपाशी गेले. आता ते परत माझ्या हातचं जेवतील, तवा मी तुमच्याशी बोलीन." आणि खरंच बोलली नाही हो! मीठ हवं होतं तर मी संभाला विचारत होतो.

मला तरी वाटायचं, बरोबर मीच आहे. पाहुणे गेल्यावर मी मुद्दाम वैशालीला ऐकू जावं म्हणून फोन मोठ्या आवाजात लावला, त्या टाकी विकणाऱ्याला.

"टाकीत चुना पडलाय हो. सगळं पांढरं झालं!"

"किती पडला?"

"चिमूटभर असेल."

"चिमटीनं एवढी टाकी पांढरी होत नाही साहेब. सकाळी तुम्ही काय घातलं होतं?"

"दोन्ही घातलं. पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत!" मी छाती काढून सांगितलं.

"पंप चालू होता?"

"तो चालूच असतो की!"

तो अगदी हळू म्हणाला, "साहेब, पाणी गरागरा फिरतंय म्हटल्यावर कोपरा राहिला कुठं? दोन्ही भेटलं की त्याचा खडू होतो. टाकीत दिसतंय ते तुम्हीच घातलेलं आहे. निम्मं पाणी बदला, आणि आता कृपा करून दुसरं काही घालू नका."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली होती. वैशाली बाहेर आली, एक शब्द न बोलता तिनं माझ्यापुढं जेवणाचा मोठा डबा ठेवला आणि गाडीची किल्ली ठेवली. समजायचं ते समजलो.

पाणी बदललं. मासे वाचले, प्रवाळही हळूहळू अंग उघडायला लागलं. सकाळी डबा घेऊन मी पलूस गाठलं. वाटेत चार वेळा वाटलं, परत फिरावं. पण घरात ते न बोलणारं माणूस आठवलं की गाडी आपोआप पुढं जायची.

मामा अंगणात बसलेले, सोबत त्यांच्या वयाचे तिघं-चौघं. एकटे सापडले असते तर बरं झालं असतं. पण मी तरी त्यांना एकटं गाठून कुठं बोललो होतो? सगळ्यांदेखत पाय धरले.

"मामा, चूक माझी होती. दोन्ही औषधं मीच एकदम घातली. तुमचा काही संबंध नव्हता."

मामा तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "ठावं हाय मला."

"ठावं हाय? कसं काय?"

"आवं, तुमच्या पाठीमागंच बसलो हुतो की खुर्चीत. तुमी ओतलं तवाच म्हनलं, ह्ये फाटनार. पर शिकल्याली मानसं तुमी, म्हनलं आसंल कायतरी नवीन."

मला घाम फुटला. "मग मामा, त्याच वेळी का नाही बोललात? मी एवढा ओरडलो, तुम्ही उपाशी आलात!"

मामांनी तळहातावर दोन थापा मारल्या, तंबाखू ओठाखाली धरली. "पावणं, चारचौघांत जावयाला येडं ठरवायचं व्हय? आमच्यात तशी रीत न्हाई."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि मी त्याला काय काय बोललो!

मामांनी डबा पुढं ओढला, झाकण उघडलं, आणि मंडळींकडं बघत शांतपणे म्हणाले, "आनि दुसरं म्हंजे, त्ये येडं ठरवायचं काम तुमी एकटंच येवडं झ्याक करत हुता, मंग म्या कशाला मदी पडायचं?"