नाव घातलेला डबा

टीव्हीवर भूकंपानं कोसळलेलं कुठलंसं परदेशी शहर दाखवत होते. विमानातून खोकी उतरत होती आणि प्रत्येक खोक्यावर पाठवणाऱ्या देशाचा झेंडा ठळक छापलेला होता.

"मदत कसली, जाहिरात आहे ही!" मी चिडून म्हणालो.

बायको पिठलं-भात डब्यात भरायला घेत होती. खालच्या मजल्यावरचे काका सकाळी गेले, त्यामुळे त्या घरात आज चूल पेटणार नव्हती. गच्चीतल्या टाकीवरून भांडण झाल्यापासून आमचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं.

"आपलं नाव घातलेला डबा घे गं."

"हरवू नये म्हणून, की त्यांना कळावं म्हणून?"

मी टीव्हीकडे पाहिलं. यातलं नेमकं काय, हे देशांना तरी कुठे सांगता येत असेल? मोठेपणा, शेजारधर्म, उद्या आपल्यावरही वेळ येईल ही धास्ती आणि काळजातली खरीखुरी कालवाकालव, सगळं एकाच खोक्यात भरलं जात असेल.

डबा घेऊन मीच खाली गेलो. काकांच्या सुनेनं तो दोन्ही हातांनी घेतला, त्याच्याकडे न बघताच. "सकाळपासून कुणाच्या पोटात काही नाही हो," एवढंच ती म्हणाली.

आणि मी मात्र डबा पुढे करताना त्यावरचं नाव तिच्या बाजूला वळवलं होतं.