झुलालभाऊच्या दांडक्याचे रंग

मला लिहायची सवय नाही. पस्तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं, फळ्यावर मापांपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. हेही नीट जमेल की नाही कोण जाणे. पण लिहिणं भाग आहे.

झुलालभाऊ मूळचे पिंपळनेरकडचे. गुडघे गेले तसे बैल विकून मुलाकडे देवपुरात आले, आमच्याच गल्लीत. येताना एक दांडका घेऊन आले. दोन हात लांब, टोकाला मुठीएवढा गोळा, वर लालभडक रंग. आजा पुनाआबा इंग्रजांच्या घोड्यांची चाकरी करायला बोअर युद्धात आफ्रिकेला गेले होते, तिथून त्यांनी तो आणला, असं भाऊ सांगायचे. कोणी मानायचं नाही. चहाच्या टपरीवरचा छगन तर रोज हाक मारायचा, "ये आफ्रिका, सिंह मारी वना का?"

भाऊ हसून बसायचे. एकदा मात्र छगन म्हणाला, "तुना बापनी मुंबईना जुना बाजारमा इकत लिधा व्हई!" त्या दिवशी भाऊंनी चहा अर्धा टाकला. वाटेत मला म्हणाले, "मास्तर, माले एकच सांगा, मना आजा खोटा व्हता का?"

मला काय माहीत? पण पुढच्या महिन्यात जुन्या हत्यारांच्या अभ्यासक मोहिनीताई इथल्या कॉलेजात व्याख्यानाला येणार होत्या. मी धीर करून त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, आणा, बघते.

आता चूक सांगतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेल्या रंगाचा एक हात त्या दांडक्यालाही द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. पुनाआबांपासून चालत आलेली. बैल विकल्यावरही भाऊंनी ती मोडली नाही. रंगाचा थर पार नखाएवढा जाड झाला होता. मला वाटलं, पाहुण्या बाईंना लाकूड दिसलं पाहिजे. भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही मास्तर, तुमले समजस." दोन दिवस बसून मी काचेच्या तुकड्याने सगळा रंग खरडला, पॉलिश पेपर मारला, तेल लावलं. दांडका नव्यासारखा झाला. खरवड घंटागाडीत टाकली.

मोहिनीताईंनी दांडका हातात घेतला, तोलला, गोळ्यावरून अंगठा फिरवला. "एकाच लाकडातून कोरलाय. गोळा लेथवरचा नाही, एका बाजूला जरा कललाय बघा. याला नॉबकेरी म्हणतात. दक्षिण आफ्रिकेचाच आहे, बहुतेक झुलू लोकांकडचा."

भाऊंचे डोळे चमकले. "आनि कव्हाचा, ताई?"

त्यांनी भिंग काढलं. दांडका या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. "हाताच्या घामाने लाकडावर वर्षानुवर्षं एक कांती चढते. ती घासून गेलीय. सव्वाशे वर्षांचा असेल, साठचाही असेल. असे दांडके पुढे बंदरावर प्रवाशांना विकायलाही करत." मग गोळ्याखालच्या खाचेत अडकलेला लाल कण त्यांना दिसला. "याला रंग होता?"

भाऊंनी पोळ्याची रीत सांगितली. ताईंनी भिंग खाली ठेवलं. "अहो, मग तेच मोजता आलं असतं ना! दर वर्षी एक थर, घरात किती पोळे झाले ते. कोणी खरडला हा?"



"मीच, ताई," भाऊ म्हणाले.

मी तेव्हाही बोललो नाही. ताई म्हणाल्या, "आता साल लिहून देता येणार नाही."

रिक्षात मी म्हटलं, भाऊ, खरं सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "राहू द्या, मास्तर." टपरीवर छगनने विचारलं, काय निघालं? "आफ्रिकानाच शे," भाऊ म्हणाले. "मंग तुना बापनी आफ्रिकानाच माल लिधा!" सगळे हसले. मीही तिथेच होतो.

यंदाच्या पोळ्याआधीच भाऊ गेले. दांडका वच्छलाबाईंनी, त्यांच्या सुनेने, मला आणून दिला. "भाऊंनी तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं." पोळ्याला मी रंगाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. पहिला हात माझा, हे बरं वाटेना.

ताईंना लिहून देता आलं नाही, म्हणून मी लिहून देतो. याची कुठे किंमत होईल, असं वाटत नाही. रंग मी खरडला, झुलालभाऊंनी नाही. वर लाल होता. त्याखाली हिरवा, मग गुलाबी, पुन्हा लाल, निळा, पिवळा. त्याखाली इतके थर होते की मला मोजता आले नाहीत. खरं सांगायचं तर मी मोजलेच नाहीत. सगळ्यात खाली, लाकडाला चिकटून, काळपट हिंगूळ होता, डब्यातले रंग येण्याआधी बैलांच्या शिंगांना लावायचे तो. तो काचेलाही लवकर सुटत नव्हता.